पावती फाडली म्हणजे निकाल लागला असं नाही!

पार्किंग मिळणं हा आपल्या शहरातला लॉटरी लागण्याचाच एक प्रकार आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. वीकएण्डला पिक्चर बघायचा म्हटलं तर शोच्या आधीचा अर्धा तास फक्त गाडी कुठे घुसवायची या टेन्शनमध्ये जातो. आणि एकदाची जागा मिळाली की हातात येते ती पावती. आपण ती बघतसुद्धा नाही. पाकिटात, नाहीतर डॅशबोर्डवर, नाहीतर थेट कॉफीच्या कपाखाली!

पण कधीतरी ती उलटी करून वाचा. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात तिथे अख्खं संविधान छापलेलं असतं. गाडी मालकाच्या जबाबदारीवर. पावती हरवल्यास दंड. वेळ संपल्यास दंड. व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.

हे शेवटचं वाक्य तर माझं फेव्हरिट. निर्णय अंतिम? बॉस, तुम्ही पे-अँड-पार्क चालवताय की सुप्रीम कोर्ट?

गंमत सोडा. आज विषय हाच आहे, आणि तो वाटतो तेवढा गमतीचा नाही. खासगी पार्किंगवाला जो 'दंड' लावतो तो नक्की कोणत्या कायद्याने? आणि ज्या माणसाला गाडीतून नुसतं उतरायलाच दहा मिनिटं लागतात, त्याला हा दंड लागला तर?

मामाची गाडी

माझा मामा मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या. मामीचं माहेर शहापूरचं, त्यामुळे किन्हवली-सरळगाव रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला नावानिशी ठाऊक आहे. कारण या रस्त्याने तो स्वतः गाडी चालवत जातो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचा दांडा बसवलेला आहे आणि आरसीवर तशी रीतसर नोंदही आहे.

शहरात राहणाऱ्या आपल्याला गाडी म्हणजे चैन किंवा ईएमआय. मामाला गाडी म्हणजे पाय. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीची पहिली पायरी त्याच्या कमरेला लागते. शहापूरहून लोकल पकडायची तर आसनगाव स्टेशन गाठायचं आणि मग पुलाच्या पायऱ्या मोजायच्या. कल्याणला डॉक्टरकडे जायचं, ठाण्याला ऑफिसच्या कामाला जायचं, पोरीला कॉलेजात सोडायचं, सगळं त्या गाडीवर.

तर मध्यंतरी मामा-मामी मुंबईच्या दिशेने येताना लागणाऱ्या एका मोठ्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये गेले. (नाव सांगणार नाही, मॅटर चालू आहे.) मामीचा चष्मा करायचा होता आणि पोरीला लॅपटॉप घ्यायचा होता. गेटवर 40 रुपयांची पावती, दोन तासांची. दिव्यांगांसाठी राखीव म्हणून दोन जागा रंगवलेल्या होत्या, व्हीलचेअरच्या चित्रासकट. एकीवर जनरेटर उभा होता, दुसरीवर कुंड्या! मामाला गाडी लावावी लागली पार टोकाला, दोन गाड्यांच्या मध्ये. तिथे दार पूर्ण उघडेना. कॅलिपर लॉक करून उभं राहायला दार सताड उघडावं लागतं, म्हणून मग पुन्हा गाडी काढा, पुन्हा लावा. पुढे लिफ्ट बंद. मालाच्या ट्रॉल्यांच्या उतारावरून वर. येतानाही तेच.

परत आले तेव्हा दोन तास पस्तीस मिनिटं झाली होती आणि पुढच्या चाकाला पिवळा जॅमर लावलेला होता.

"काका, 500 रुपये फाइन."

मामाने राखीव जागा दाखवल्या, लिफ्ट दाखवली, कुबड्या तर दिसतच होत्या. गार्ड बिचारा विशी-बाविशीचा. "काका, सिस्टिम आहे. मी काय करू?" रात्र होत होती, पुढे मुरबाडपर्यंतचा रस्ता. मामाने पैसे भरले. पण मास्तरच तो! पावतीच्या मागे पेनाने लिहिलं: 'निषेध नोंदवून भरले', तारीख, वेळ आणि सही. मामीने मोबाइलवर जनरेटर, कुंड्या, लिफ्ट आणि जॅमर, सगळ्यांचे फोटो काढले.

ही एक ओळ आणि ते चार फोटो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

दंड कोण करू शकतं?

मामाचा फोन आल्यावर मी ओळखीच्या एका वकील मैत्रिणीला पकडलं. दोन कटिंगमध्ये तिने जो फंडा क्लिअर केला तो असा.

दंड करणं हे सरकारचं काम आहे. ट्रॅफिक पोलीस जे ई-चलान पाठवतात त्याच्या मागे मोटार वाहन कायदा आहे. ते तुम्हाला मान्य नसेल तर तक्रार करता येते, कोर्टात लढता येतं, पण त्याकडे काणाडोळा करता येत नाही. खासगी पार्किंगवाल्याचं तसं नाही. त्याचा आणि तुमचा संबंध फक्त कराराचा. तुम्ही अट मोडलीत असं त्याला वाटत असेल तर तो भरपाई मागू शकतो. आणि भरपाई किती? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 म्हणतं, करारात आकडा लिहिला असला तरी तेवढा सगळा आपोआप मिळत नाही. वाजवी तेवढीच भरपाई, तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. दोन तासांना 40 रुपये घेणाऱ्या माणसाचं पस्तीस मिनिटांत 500 रुपयांचं नुकसान कसं झालं, हे त्याला सांगावं लागेल.

आणि तो जॅमर? मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मध्ये चाकाला जॅमर लावण्याची सोय आहे. पण तशी परवानगी देतो गणवेशातला पोलीस अधिकारी. मॉलच्या गणवेशातला गार्ड नव्हे!

पावतीवर छापलं म्हणजे कायदा झाला असं नसतं, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलंय. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात व्हॅले पार्किंगला दिलेली गाडी 1998 मध्ये चोरीला गेली होती. हॉटेलने टॅग दाखवला, गाडी मालकाच्या जबाबदारीवर म्हणून. कोर्ट म्हणालं, गाडी तुमच्या ताब्यात होती, तिची काळजी घेतली होती हे आधी तुम्ही दाखवा, नुसत्या छापील ओळीच्या मागे लपता येणार नाही. छापखाना आपला म्हणून कायदा आपला होत नाही, एवढं यातून घ्या.

'नियम सगळ्यांना सारखे'

मामाने व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, फुलस्केपवर, मुद्दे क्रमांक घालून. उत्तर आलं दोन ओळींचं. गैरसोयीबद्दल खेद आहे, पण नियम सर्वांना सारखेच आहेत.

ऐकायला किती छान ना? सारखेच! पण दोन तास हा नियम कोणाकडे बघून केला? दोन पायांवर जिना चढणाऱ्या, दार अर्धं उघडून सटकन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे बघून. तोच नियम मामाला लावला की त्याच्या हातात दोन तास राहतच नाहीत. आणि त्यातही वेळ खाल्ला कोणी? जनरेटरने, कुंड्यांनी आणि बंद लिफ्टने. म्हणजे उशीर त्यांनी करवला आणि पैसे मामाकडून घेतले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नेमका इथे कामाला येतो. त्यात 'वाजवी सोयीसुविधा' अशी कल्पना आहे. दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून गरजेचा आणि समोरच्याला न झेपणारा नसेल असा बदल करून देणं. पस्तीस मिनिटं जास्त देणं कोणाला झेपणार नाही? अशी सोय नाकारणं हा या कायद्यात भेदभावच आहे. शिवाय 'सार्वजनिक इमारत' या शब्दात लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही येतात, त्यामुळे 'आमची प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे' हा डायलॉग चालत नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि नंतर 50,000 ते 5 लाखांपर्यंत दंड आहे. हा मात्र खराखुरा दंड!

जागेचं मापही ठरलेलं आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श इमारत उपविधींमध्ये दिव्यांगांसाठी प्रवेशद्वाराजवळ, 30 मीटरच्या आत, दोन गाड्यांची जागा सांगितलीय आणि तिची रुंदी किमान 3.60 मीटर. एवढी का, ते मामाला विचारा. दार सताड उघडायला!

आता तुम्ही म्हणाल, कागदावर सगळं असतंच. खरंय. ही गोष्ट सुप्रीम कोर्टानेही पाहिली. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने 2005 मध्ये याचिका केली होती. तिच्यावर 8 नोव्हेंबर 2024 ला निकाल देताना कोर्टाने सुगम्यतेबद्दलचा 2017 चा नियम 15 रद्द ठरवला. कारण काय, तर कायदा 'करावंच लागेल' म्हणतो आणि नियम नुसता 'केलं तर बरं' अशा सुरात बोलतो. सक्तीचे किमान नियम करा म्हणून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

त्याच्याही आधी, 2016 मध्ये, जीजा घोष यांचं प्रकरण गाजलं होतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्तीला 2012 मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेला जायचं होतं. विमानात बसल्यावर त्यांना उतरवण्यात आलं. कोर्टाने विमान कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तिथेही मुद्दा तिकिटाच्या पैशांचा नव्हताच.

गंमत बघा, आपला राष्ट्रीय महामार्ग मामाला ओळखतो. 2008 च्या टोल नियमांत दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या गाडीला टोल माफ आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने आरसीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी नोंद आणली. म्हणजे अशी गाडी आणि असा ड्रायव्हर असतो हे रस्त्याला कळलंय. रस्ता संपून पार्किंग सुरू झालं की मात्र कोणी ओळखत नाही.

तिकडे इंग्लंडात

खासगी पार्किंगच्या दंडाची खरी राजधानी म्हणजे इंग्लंड. स्लाउ नाहीतर लीस्टरला तुमचे कोणी मित्र असतील तर विचारा, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून घरी आलेलं पत्र प्रत्येकाने पाहिलेलं असतं. कॅमेरा नंबर प्लेट टिपतो, कंपनी पत्र धाडते. चेम्सफर्डच्या एका शॉपिंग पार्कमध्ये दोन तास फुकट पार्किंग होतं. एक ग्राहक 56 मिनिटं जास्त थांबला, 85 पौंड लागले. तो भांडत भांडत थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि 4 नोव्हेंबर 2015 ला हरला! कोर्टाचं म्हणणं, पार्किंगची जागा फिरती ठेवण्यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे आणि रक्कम अवाच्या सवा नाही.

मग दिव्यांग ड्रायव्हरने तिकडे काय करायचं? त्यांच्या 2010 च्या समानता कायद्यात सेवा देणाऱ्यावर वाजवी बदल करण्याची जबाबदारी आहे. पार्किंगमध्ये जास्त वेळ हवा हा मुद्दा लोक त्याच आधाराने मांडतात. सरकारी 'ब्लू बॅज' गाडीला लावलेला असला तरी खासगी जागेत तो आपोआप चालत नाही, हे तिथल्याही पुष्कळांना पत्र आल्यावर कळतं. आणि जॅमर? स्कॉटलंडमध्ये 1992 मध्येच कोर्टाने खासगी जागेत जॅमर लावून पैसे उकळणं ही खंडणी ठरवली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 पासून त्यावर बंदी आहे.

पण तिकडची जी गोष्ट आपण शिकायला हवी ती वेगळीच. पुष्कळ लोक ही पत्रं केराच्या टोपलीत टाकतात. त्यातच कधीतरी कोर्टाचा कागद येतो, तोही टोपलीत. किंवा तो जुन्या पत्त्यावर जातो. मग गैरहजेरीत निकाल लागतो आणि माणसाला कळतं कधी, तर बँक घराचं कर्ज नाकारते तेव्हा. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर हा निकाल सहा वर्षं रेकॉर्डवर राहतो. तो रद्द करून घेता येतो, पण कागद मिळालाच नव्हता किंवा बाजू मांडण्यासारखी होती हे दाखवावं लागतं, आणि तेही लवकर.

आपल्याकडेही एकतर्फी हुकूम ही चीज आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली तो रद्द करायचा अर्ज करता येतो. मुदत 30 दिवस, आणि समन्सच नीट बजावलं गेलं नसेल तर हुकूम कळल्यापासून 30 दिवस. पार्किंगच्या पाचशे रुपयांसाठी आपल्याकडे कोणी कोर्टात जाईल असं वाटत नाही. पण गाडीचं कर्ज, सोसायटीचा मेंटेनन्स, क्रेडिट कार्ड, समन्स कशाचंही येऊ शकतं. म्हणून लक्षात ठेवा, पावतीला नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. समन्सला नाही म्हणायची सोय नाही. तिथे जायचं आणि जाऊन नाही म्हणायचं!

पाचशे रुपये परत, मग?

मामाची वकिली नोटीस गेल्यावर कॉम्प्लेक्सवाले एकदम गोड झाले. पाचशे रुपये परत देतो, वर शॉपिंगचं कूपन देतो, लेखी द्या की तक्रार नाही. घरी मीटिंग बसली. मामी म्हणाली, घ्या आणि सोडा, कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला झेपणार आहेत का? प्रश्न रास्त होता.

मामा म्हणाला, "अगं, पैसे मला मिळतील. कुंड्या तिथेच राहतील."

मग त्याने ग्राहक आयोगात तक्रार केली. 40 रुपये भरून पावती घेतली म्हणजे तो ग्राहक, इतकं सोपं. मागणी तीनच: पाचशे रुपये, राखीव जागा मोकळ्या आणि दिव्यांग ड्रायव्हरला वेळेची सूट. पायऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं. तक्रार ऑनलाइन करता येते आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागण्याची सोय आहे. मामाने तसा अर्ज दिलाय. निकाल अजून लागायचाय. बाजूने लागेल की विरोधात, सांगता येत नाही. विरोधात लागला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. मामाने ती तारीख मोजायची कशी हेसुद्धा वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्यावर वेळ आली तर

- गार्डशी भांडू नका, तो पगारी माणूस आहे. पैसे भरावेच लागले तर पावतीवर 'निषेध नोंदवून भरले' लिहा आणि पावती सोडू नका.
- फोटो काढा. बोर्ड, राखीव जागा, लिफ्ट, जॅमर, घड्याळ.
- आधी लेखी तक्रार व्यवस्थापनाला. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.
- नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा नंबर 1915. इथूनही बरीच प्रकरणं मिटतात.
- जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील असलाच पाहिजे असं नाही. पावतीवरची अटच अन्यायकारक करार म्हणून रद्द करून हवी असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं.
- दिव्यांगांच्या सोयी नाकारल्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही करता येते. चौकशीसाठी त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत.
- प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, लायसन्स आणि आरसी, सगळ्याची एकेक झेरॉक्स गाडीत ठेवा.

आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत अशा आपल्या सगळ्यांसाठी एकच पॉइंट. येत्या शनिवारी पिक्चरला उशीर होत असेल, जागा मिळत नसेल आणि दाराजवळची ती निळी, रुंद, रिकामी जागा दिसेल, तेव्हा 'पाचच मिनिटं' म्हणून गाडी तिथे घालू नका. तिचे 3.60 मीटर कोणाच्या तरी दाराला लागतात. तो माणूस मुरबाडहून साठ-सत्तर किलोमीटर गाडी हाकत आलेला असू शकतो.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. आणि हो, ती पावती उलटी करून वाचा!